दर्या आणि दऱ्या

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, नौका किनाऱ्याला. मालवणात मी बर्फाच्या कारखान्याचे हिशेब लिहिते. त्या दोन महिन्यांत हाताला उसंत मिळते. कादंबरी तेव्हाच लिहिली. तीन पावसाळे, मोबाइलवर.

एका प्रकाशकांना ती आवडली, पण संवाद प्रमाण मराठीत करा म्हणाले. भर वादळात माझा तांडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या, खलाशांना 'जाळां खेचा रे' असंच ओरडणार. त्याच्या तोंडची भाषा काढली तर तो माणूसच उरत नाही. मी बाड परत आणलं आणि पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं.

आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाला, पैसे पडतील ही भीती होती. पडले नाहीत. दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी तो फुकट देते, एकट्या लेखकालाही. छपाईचं गणित मात्र फॉर्मचं: सोळा पानांचा एक फॉर्म. माझी कादंबरी 179 पानांवर गेली, म्हणजे तीन पानांसाठी बारावा फॉर्म. जत्रेचा एक प्रसंग काढला आणि 176 वर आणली. तो प्रसंग मला अजून आठवतो.

खरी परीक्षा प्रुफांची, छपाईआधी तपासायच्या पानांची. माझा मोबाइलवरचा युनिकोड मजकूर छापखान्याच्या फाँटमध्ये गेला आणि 'वाऱ्या'चा 'वार्या' झाला. ऑपरेटरने एकदम सगळीकडे 'र्य'चा 'ऱ्य' केला. वारा सुधारला, पण सूर्याचा 'सूऱ्य' झाला आणि दर्याच्या दऱ्या झाल्या. माझ्या डोळ्यांना ते दिसलंच नाही, मजकूर पाठ झाला होता ना. बाबा आयुष्यभर तांडेल. चष्मा लावून प्रुफं वाचताना ते थांबले.

"गो, ह्यो तांडेल दऱ्यांत खय गेलो? आपलो दर्या खय?"

मग आठ रात्री मी मोठ्याने वाचायचे आणि बाबा ओळीवर बोट ठेवून बघायचे. नवीन लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, प्रुफं दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्याच.

300 प्रती आल्या. पहिली कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवली. 1954च्या कायद्याने प्रकाशकाला ती द्यावीच लागते आणि प्रकाशक आता मीच. ती गेली, त्यानंतर पान 112 वर एक 'दऱ्या' सापडला.

सध्या बाबा पडवीत बसून प्रत्येक प्रतीत तो काट मारून वर निळ्या पेनाने 'दर्या' लिहितायत. जाळी शिवणारा हात, अक्षर अगदी रेखीव. कालपर्यंत 140 झाल्या. बाकीच्या झाल्या की सावंतवाडीचा गठ्ठा एसटीने जाईल.