स्मरणरंजनाने आजारी पडलेले खलाशी

जुन्या प्रवासवर्णनांतले उतारे मराठीत आणायचं काम घेतलं होतं. एक उतारा जोसेफ बँक्सच्या रोजनिशीतला, सप्टेंबर १७७०चा. कॅप्टन कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावरचा हा निसर्ग-अभ्यासक लिहितो, बहुतेक खलाशांना ‘नॉस्टॅल्जिया’ने गाठलंय. मी सवयीने ‘स्मरणरंजन’ टाइप केलं. रात्री वाचून पाहिलं, तर स्मरणरंजनाने आजारी पडलेले खलाशी! रंजनाने कुणी आजारी पडतं का?

मग कोशातली व्युत्पत्ती वाचली. एरवी ती मी डोळे मिटून ओलांडते. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला योहानेस होफर या १९ वर्षांच्या वैद्यक विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हा शब्द घडवला. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. न्युराल्जियातही, म्हणजे मज्जातंतूच्या दुखण्यातही, तीच वेदना आहे. घराचाच विचार, उडालेली झोप, ताप, धडधड अशी लक्षणं त्याने नोंदवली. त्यातला बर्नहून बाझलला आलेला विद्यार्थी तर मरायला टेकला होता. घरी पाठवायचं ठरलं आणि वाटेतच त्याला बरं वाटू लागलं! घर अजून दिसलंही नव्हतं. या एका रुग्णासाठी सगळी खटपट वसूल झाली. पुढे शॉयख्त्सर या स्विस निसर्ग-अभ्यासकाने खापर हवेवर फोडलं: डोंगरातल्या स्विस माणसाला सखल भागातली जड हवा सोसत नाही म्हणे. अमेरिकी यादवी युद्धातही लष्करी डॉक्टर हे निदान लिहीत होते. गावाऐवजी गेलेल्या काळाची हुरहुर हा अर्थ रुळला तो विसाव्या शतकात. आपलं ‘स्मरणरंजन’ त्या नव्या अर्थाचं. १७७०च्या जहाजावर ते चढणार कसं?

‘गृहविरह’ लिहून पाहिलं, संगीत नाटकातलं पद वाटलं. ‘घराची ओढ’ बरोबर होतं, पण ओढीने कुणी अंथरूण धरत नाही. तीन दिवस वाक्य पिवळं करून ठेवलं.

चौथ्या दिवशी आईचा फोन. काकांनी विकलेली म्हैस नव्या गोठ्यात वैरणीला तोंड लावेना. “झुरणीला लागलीय गं ती,” आई म्हणाली. मी फोन ठेवून आधी लॅपटॉप उघडला.

‘बहुतेक खलाशी घरासाठी झुरणीला लागले आहेत, वैद्य मंडळी तर याला नॉस्टॅल्जिया नावाचा रोगच मानतात.’ त्यापुढे बँक्स सांगतो की कॅप्टन, सोबतचा निसर्ग-अभ्यासक डॉ. सोलँडर आणि तो स्वतः यातून वाचले, कारण तिघांच्याही डोक्याला सतत काम होतं. संपादकांनी ‘झुरणी’वर प्रश्नचिन्ह काढून पाठवलं. मी म्हशीची हकिकत कळवली.