एका 'एन'ची गोष्ट

शिवाजी उद्यमनगरात माझं ग्रॅनाइटवर अक्षरं कोरायचं शेड आहे. कोनशिला, बंगल्यांच्या पाट्या, समाध्या, सगळं करतो. स्पेलिंगच्या बाबतीत मी कसून तपासणारा माणूस. तरी त्या दिवशी माझी फजिती झाली.

काम एका ख्रिस्ती कुटुंबाचं होतं. मूळचे सावंतवाडीकडचे, आता कोल्हापूरकर. वडील चार वर्षांपूर्वी गेले, आई यंदा. दोघांचा मिळून एकच दगड करायचा होता. मुलाने आजोबांच्या जुन्या दगडाचा फोटो आणला होता. त्यावर तळाशी लॅटिन ओळ होती : 'रेक्वीएस्कात इन पाचे', म्हणजे शांतीत विसावो. मुलगा शेवटचा शब्द 'पेस' असा वाचत होता, मीही. "हीच ओळ टाका," म्हणाला. व्हॉट्सॲपवर लोक आर.आय.पी. लिहितात, ती अक्षरं या ओळीचीच. इंग्रजीतही नेमकी तीच जुळतात, म्हणून कुणाला लॅटिनची आठवण येत नाही.

फोटोवरून अक्षर न् अक्षर ताडून स्टिकर कापला, दगडावर चिकटवला, अक्षरं सोलून काढली. वाळूच्या माऱ्याने कोरायला कॉम्प्रेसर चालू करणार, तेवढ्यात मुलगा मामांना घेऊन आला. ऐंशी ओलांडलेले, हातात काठी. दगडाजवळ वाकले आणि म्हणाले, "एन खंय गेलो?"

मी फोटो पुढे केला. "बघा की मामा, फोटोत एन नाहीच."

"तो एकट्याचा दगड. हे दोघं आहेत."

मग त्यांना बसवून चहा मागवला. लहानपणी ते मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फादरांचे सेवक होते. तेव्हा फादर वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये म्हणायचे आणि पोरांनी लॅटिनमध्येच उत्तर द्यायचं. अर्थ कुणी विचारायचा नाही, नुसतं पाठ. 'आद देउम क्वी लेतीफिकात युवेंतूतेम मेआम', त्यांनी एका दमात म्हणून दाखवलं. माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे, असा त्याचा अर्थ. तो त्यांना पुढे बऱ्याच वर्षांनी कळला.

एरवी मिस्सा संपताना फादर 'इते, मिस्सा एस्त' म्हणायचे, म्हणजे जा, निरोप झाला. 'मिस्सा' हे नाव त्यातूनच आलं. मयताच्या मिस्सेत मात्र त्या जागी 'रेक्वीएस्कांत इन पाचे', आणि थोड्या वेळाने कबरीपाशी त्या एकट्यासाठी 'रेक्वीएस्कात'. "मला वाटायचं, फादर कधी एन गिळतात," मामा हसले. मिस्सेत प्रार्थना सगळ्या मृतांसाठी, म्हणून अनेकवचन. 1963 साली व्हॅटिकनच्या परिषदेने मातृभाषेला वाट करून दिली. लॅटिन रद्द केलं नव्हतं, पण पुढच्या काही वर्षांत मामांच्या चर्चमधून ते जवळजवळ उठलंच.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच वाजलं. शाळेत संस्कृत होतं. भवतु, भवन्तु. सर्वे भवन्तु सुखिनः. तोच 'न', त्याच जागी! लॅटिन आणि संस्कृत एकाच घराण्यातल्या भाषा, हे सरांनी सांगितलं होतं, पण तेव्हा मार्कांपुरतं ऐकलेलं. मामांना भवन्तु म्हणून दाखवलं तर त्यांनी काठीच आपटली, "हांऽऽ, तेच!"

मुलगा म्हणाला, "नुसतं आर.आय.पी. टाकूया का? एक असो, दोन असोत, चालतंय." खरं तर चाललं असतं. मामांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एक अक्षर वाढवायचं म्हणजे मध्ये घुसडता येत नाही. ओळ मधोमध बसवलेली असते, सोळाची सतरा अक्षरं झाली की सगळीच सरकते. अख्खी ओळ खरवडून दगड रॉकेलने पुसला, नवा स्टिकर कापला. संध्याकाळी ब्लास्टिंग झाल्यावर मामांनी एनच्या खाचेत अंगठ्याचं नख फिरवलं आणि "आता खोल गेलाय" एवढंच म्हणाले.

आता ही ओळ घेऊन कुणी आलं की मी काही बोलायच्या आत आमचा पोऱ्या आतून ओरडतो, "मालक, एक हाय का दोगं, इचारा आदी!"