डाव्या हातातली पाटली

६ मार्च, रात्री

आज जागतिक लिम्फेडेमा दिन आहे. लिम्फेडेमा म्हणजे शरीरातला लसिकाद्रव (लिम्फ) वाहून न जाता साचल्याने येणारी सूज. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला तीन वर्षे होऊन गेली तरी हा शब्द माझ्या कानावर पडलेला नव्हता. केस जातील, उलट्या होतील, हे सर्वांनी सांगितले. परंतु काखेतल्या ज्या लसिका-गाठी काढल्या त्या हातातील लसिकाद्रवाच्या वाटेवरच असतात, आणि शस्त्रक्रियेने व रेडिएशनने ती वाट अडली की कित्येक वर्षांनंतरही हात सुजू शकतो, हे घरी पाठवताना कोणी सांगितले नाही. याची खंत अजून जात नाही.

आरंभी सूज दिसलीच नाही. संध्याकाळी हात जड वाटे, ब्लाउजची डावी बाही दंडाला काचे, पाटली साबण लावल्याशिवाय निघत नसे. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, अंग भरलंय तुझं," आणि मीही बाही उसवून घेऊन चार महिने घालवले. बोटाने दाबल्यावर खळगा पडतो तोवरची सूज उपचारांनी पुष्कळ उतरते. मात्र दुर्लक्ष झाले तर साचलेल्या प्रथिनयुक्त द्रवामुळे आतला भाग हळूहळू घट्ट होत जातो, म्हणून त्या चार महिन्यांचे मोल मला आता कळते. पुढे भाजी चिरताना बोट कापले, दुसऱ्या दिवशी हात लालबुंद होऊन थंडीताप आला, तेव्हा कुठे मी डॉक्टरांकडे गेले.

आता पट्ट्या, हलक्या हाताचा मसाज, व्यायाम आणि दिवसभर घट्ट स्लीव्ह असा क्रम आहे. "त्या हाताने काही उचलू नकोस," असे अजूनही बजावले जाते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या, अशी सूज असलेल्या स्त्रियांची सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. हात जपणे म्हणजे तो निकामी ठेवणे नव्हे, हे मला फार उशिरा उमगले.

शेजारच्या इमारतीतील एकीची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. सगळ्या गाठी न काढता आधी मोजक्याच तपासणार आहेत, त्यामुळे तिचा धोका कमी आहे, पण अजिबात नाही असे नाही. संध्याकाळी मोजपट्टी घेऊन तिच्याकडे गेले. मनगट, कोपर, दंड अशी दोन्ही हातांची मापे घेतली आणि तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर तारखेसह लिहून दिली.