पाच लाखांची कॉफी

व्हिएतनामच्या रेल्वेत जितकं वर चढाल तितकं तिकीट स्वस्त. सहा बर्थच्या कप्प्यात सगळ्यात वरच्या बर्थवर ताठ बसताही येत नाही, डोकं छताला लागतं. हनोईहून ह्वेला येतानाची अख्खी रात्र मी आडवीच काढली. खिसा जपत परदेश बघायचा म्हणजे अंगाची अशी घडी घालावी लागते.

ह्वे ते दा नांग मात्र दिवसाचा प्रवास, जेमतेम शंभरेक किलोमीटरचा. मी मुद्दाम बस सोडली. २००५ साली हाय वान घाटाखालून सहा किलोमीटरहून लांब बोगदा झाला, तेव्हापासून बस त्यातूनच जाते. घाट लागला कधी नि संपला कधी, कळतही नाही. रेल्वे मात्र अजून डोंगराला वळसा घालत समुद्राच्या कडेनं जाते. हनोई ते सायगॉन हा १७२६ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग फ्रेंचांच्या काळात, १९३६ मध्ये पुरा झाला. पुढे युद्धात जागोजागी तुटला आणि १९७६ च्या अखेरीस पुन्हा जोडला गेला. त्यावरचं सगळ्यात स्वस्त आसन तेव्हा लाकडी बाकाचं होतं. तेच घेतलं.

समोर एक आजी पपनस सोलत बसल्या होत्या. जाड साल, मग आतला पांढरा पापुद्रा, सगळं बोटांनीच. इतक्यात कॉफीची गाडी आली. मी नोट पुढे केली आणि आजींनी माझं मनगटच धरलं! नोट काढून घेतली, उलटी केली, मागच्या घरावर बोट आपटलं. मग माझ्याच पाकिटातून दुसरी निळसर नोट ओढली. तिच्या मागे होई आनचा छप्पर असलेला पूल. पूल म्हणजे वीस हजार डोंग, घर म्हणजे पाच लाख. समोरच्या बाजूला दोन्हींवर हो ची मिन्हच. पाच लाख म्हणजे जवळपास वीस डॉलर, माझ्या डॉर्मच्या दोन रात्री तरी सहज. सगळा डबा हसला, कॉफीवाली सगळ्यांत जास्त.

मग पपनसाच्या फोडी आल्या, मीठ-मिरचीत बुडवून खायच्या. भाषा एकही समान नाही, त्यामुळे आजी बोलत राहिल्या आणि मी मान डोलवत राहिले.

बाकाचं कौतुक करणार नाही. दीड तासात कंबर बोलू लागली. पुढे एकदा गादीच्या आसनाचं तिकीट काढलं, तेव्हा पाठ सुखावली. पण त्या एसी डब्यात प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये होता, माझ्यासकट. तिथे माझी नोट कुणी पाहिली असती असं वाटत नाही.

लांग को स्टेशन मागे पडलं तशा आजी उठल्या आणि मला ढकलून डाव्या खिडकीशी बसवलं. खाली एकदम समुद्र, रुळांच्या इतका जवळ की खडकांवर फुटणारी लाट दिसत होती. बोगदा आला की अंधार, बाहेर आलं की पुन्हा निळं. मी वळून आजींना काही सांगायला गेले, तर त्या सालींची पिशवी मांडीवर धरून गाढ झोपल्या होत्या.