तुम्ही विचारलंत म्हणून : ‘जॅझ’ म्हणजे काय?

दादरला आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकायला जमतो, आणि लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट थांबला की कोणीतरी मला हमखास विचारते, “जॅझ या शब्दाचा अर्थ काय?” प्रश्न रास्त आहे, कारण ध्रुपद म्हणजे ध्रुव पद, ख्याल म्हणजे कल्पना, असे गायकीचे मर्म तिच्या नावातच सापडण्याची आपल्याला सवय आहे.

जॅझचे नाव मात्र संगीतातून आलेलेच नाही. १९१२ साली लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्रात हा शब्द दिसतो तो बेसबॉलच्या बातमीत : बेन हेंडरसन हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, आपल्या डगमगत जाणाऱ्या, फलंदाजाला दाद न देणाऱ्या चेंडूला ‘जॅझ बॉल’ म्हणत होता. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोचे क्रीडावार्ताहर खेळाडूंच्या अंगातली धमक सांगायला तोच शब्द वापरू लागले. जोम या अर्थाचा ‘जॅझम’ हा शब्द अमेरिकेत १८६० पासून छापलेला आढळतो आणि अनेक अभ्यासक जॅझचे मूळ त्यातच पाहतात. आमच्यातल्या एका काकांनी विचारले होते, हा आपला ‘जोश’ तर नव्हे? अर्थ इतका जुळतो की मलाही मोह झाला. पण फारसीतून आपल्याकडे आलेला जोश कॅलिफोर्नियात पोहोचल्याचा एकही धागा हाती लागत नाही.

मला अस्वस्थ करते ते पुढचे. हे संगीत अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवले, त्याला हे नाव चिकटले ते १९१५च्या सुमारास शिकागोत, आणि १९१७ साली पहिली जॅझ ध्वनिमुद्रिका निघाली ती पाच गोऱ्या वादकांची. त्या तबकडीच्या लेबलाचे छायाचित्र मी मंडळींना आवर्जून दाखवतो, कारण त्यावर शेवटी दोन झेड नाहीत, दोन एस आहेत, म्हणजे शब्दाचे स्पेलिंगसुद्धा तेव्हा ठरायचे होते. हे नाव गोऱ्यांनी दिले, असे न्यू ऑर्लिन्सचा कृष्णवर्णीय वादक सिडनी बेशे म्हणत असे. थोर जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनलाही आपले संगीत त्या एका शब्दात कोंबणे मान्य नव्हते.

आपल्या मुंबईत १९७८ साली धोबी तलावच्या रंगभवनात या संगीताचा महोत्सव सुरू झाला, तेव्हा त्याचे नाव ‘जॅझ यात्रा’ ठेवले गेले. नाव बाहेरच्यांनी दिलेले तेही होते, पण त्यातला ‘यात्रा’ हा शब्द वादकांच्या पायांशी जाऊन बसणाऱ्यांचा आहे, आणि म्हणून तो मला अतिशय प्रिय आहे.