उपाशी कोळसा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसातला काकूंचा फोन आला. "अरे, वांगी, मिरच्या, टोमॅटो, सगळं पिवळं पडलंय. आधी तू ये." आवाजात राग नव्हता, नुसती काळजी होती. राग असता तर बरं वाटलं असतं, कारण तो वाफा मी स्वतः भरून दिला होता.

मी नाशिकमध्ये लोकांच्या घरच्या बागा करून देतो. काकूंचा बंगला गंगापूर रोडला. घर बांधताना पायातून निघालेला मुरूम मागच्या अंगणातच पसरलेला आणि त्यावर कुठूनशी आणून टाकलेली हातभर काळी माती. ही माती पावसात लोण्यासारखी चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. वाफसा यायची, म्हणजे माती कामाजोगी सुकायची, वाट बघत बसावं लागतं, खुरपं चालतच नाही. ती जरा मोकळी व्हावी म्हणून मी मे महिन्यात दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, लाकडाच्या वखारीतून झाडांची साल. दुसरी, दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदार मित्राकडून बायोचार, म्हणजे मातीत मिसळायचा कोळसा.

तो बायोचार आम्ही दोघांनीच केला होता. एप्रिलमध्ये द्राक्षवेलींची खरड छाटणी होते, तीत काड्यांचे ढीग निघतात आणि पुष्कळ ठिकाणी ते बांधावरच पेटवून देतात. आम्ही नरसाळ्यासारखा खड्डा काढला, तळाशी जाळ केला आणि काड्यांचा एकेक थर वरून टाकत गेलो. वरचा जाळच हवा खाऊन टाकतो, त्यामुळे खालच्या काड्यांची राख न होता कोळसा होतो. वरच्या थरावर पांढरी राख धरायला लागली की पुढचा थर टाकायचा. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवायचं. हातात घेतला की काचेसारखा खणखणणारा, कागदासारखा हलका कोळसा. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

आणि मग मी साल, तो कोळसा आणि माती कुदळीनं एकजीव करून टाकली.

त्या सकाळी वाफ्यापाशी बसलो तेव्हा पहिली शंका पाण्याची आली. आठवडाभर झड लागली होती. एक मिरची उपटून मुळं नाकाशी नेली. पाणी साचून गुदमरलेली मुळं तपकिरी होतात, घाण वास मारतात. ही पांढरी होती, वास नुसता मातीचा. दुसरी शंका लोहाची. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, सामू (पीएच) आठच्या आसपास जातो, झाडाला लोह मिळत नाही. त्यात बायोचारही अल्कधर्मी, म्हणजे भर पडली असणार. पण लोह कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. इथे उलटं होतं. खालची जुनी पानं शिरांसकट पिवळी आणि शेंडा फिकट असला तरी हिरवा. झाड जुन्या पानांतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, काढून शेंड्याला पुरवत होतं.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "गवारीला मात्र काही झालेलं नाही हं."

खरंच. त्याच वाफ्यात, त्याच मातीत, गवारीचे सात-आठ रोप हिरवेगार उभे. एक हलक्या हातानं उपटलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक नखानं फोडली, आतून गुलाबी निघाली. म्हणजे गाठीतले जिवाणू कामावर होते, हवेतला नत्र गवारीला पुरवत होते. ज्याला स्वतःचा नत्र करता येतो ते पीक हिरवं आणि बाकीची सगळी पिवळी. याहून स्पष्ट उत्तर प्रयोगशाळेनंही दिलं नसतं.

खुरप्यानं माती उकरली. सालीच्या तुकड्यांवर बुरशीचं पांढरं जाळं पसरलेलं आणि मध्ये मध्ये लाकडाचा भुसा. वखारीतलं पोतं नीट बघून घ्यायला हवं होतं. निव्वळ साल तशी चिवट, सावकाश कुजते. भुसा लगेच कुजायला लागतो आणि त्यात एक भाग नत्राला कर्ब (कार्बन) असतो चारशे भागांच्या आसपास. कुजवणाऱ्या जिवाणूंना एवढा कर्ब पचवायला नत्र लागतो, तो ते मातीतून ओढतात. ते मेले की तो मातीला परत मिळतो, पण तोवर मिरचीचा हंगाम संपतो. हीच साल मातीवर नुसती पसरली असती तर ही ओढाताण वरच्या बोटभर थरातच राहिली असती, मुळांपर्यंत गेली नसती.

आणि कोळसा? त्याचं उत्तर मोरीपाशी सापडलं. तिथे अळू माजलं होतं, एकेक पान सुपाएवढं. मी विचारलं, इथे काय घातलंत? काकू म्हणाल्या, "तुझा उरलेला कोळसा. ओल्या कचऱ्याच्या ड्रमखाली पाणी गळायचं, वास यायचा, म्हणून महिनाभर खाली घमेल्यात ठेवला. मग इथे ओतून दिला."

अळवाच्या बुडातला एक तुकडा उचलला. केसांसारखी पांढरी मुळं त्याला चारी बाजूंनी बिलगलेली, काही थेट भेगांतून आत शिरलेली. तुकडा मोडला तर आतूनही ओला. तोच खड्डा, त्याच काड्या. फरक एवढाच की हा आधी महिनाभर कचऱ्याचा रस प्यायला होता आणि वाफ्यातला कोरडाच मातीत गेला होता. कोळशाच्या अंगभर छिद्रं असतात. रिकामी असली की ती मातीतलंच अन्न धरून बसतात.

"म्हणजे तो उपाशी होता होय?" काकूंनी विचारलं. मी इतकी वर्षं लोकांना बायोचार समजावतोय, इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता. त्या इगतपुरीकडच्या, म्हणाल्या, "आमच्याकडे भाताला राब भाजतात, तसलंच का हे?" राबात रोपं करायच्या जागेवर फांद्या, पालापाचोळा उघड्यावर जाळतात, त्याची बहुतेक राख होते, कोळसा थोडाच उरतो. पण उकिरड्यावर चुलीतले कोळसे, शेण, खरकटं एकत्र कुजायचं, ते मात्र याच्या जवळचं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात शेकडो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांची काळी, सुपीक माती सापडते. तिच्यातही कोळशाबरोबर हाडं, खरकटं, मैला मिसळलेला असतो. नुसता कोळसा तिथेही नाही.

मग दुपारपर्यंत मी आणि माझा जोडीदार दाताळ्यानं येईल तेवढी साल वर ओढत राहिलो. काकूंना रासायनिक खत नको असतं. मी त्यांना सरळ सांगितलं, जीवामृतानं, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या पाण्यानं, एवढी भूक भागणार नाही, रोपं वाचवायची तर एकदा युरिया लागेल. ५ लिटर पाण्यात ५० ग्रॅम, संध्याकाळी, पाऊस उघडल्यावर पानांवर फवारायचा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "एकदाच." मातीत शेणकाला आणि निंबोळी पेंड दिली. ओढलेली साल चाळून, भुसा वेगळा काढून, दोन इंचाचा थर वाफ्यावर पसरला, खोडापासून चार बोटं लांब. साल खोडाला टेकली की पावसाळ्यात खोड कुजतं, वाळवीलाही वाट मिळते. भुसा ड्रममध्ये गेला. त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत, घेणं शक्यच नव्हतं.

जुनी पिवळी पानं गळाली, पण तीन आठवड्यांत नवी फूट गडद हिरवी आली. चार मिरच्या मात्र गेल्या.

त्या दिवशी निघताना माझ्या गाडीत बायोचारचं एक पोतं शिल्लक होतं, दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी. ते मी काकूंच्या ड्रमखाली ठेवलं. काकू शाळेत शिक्षिका होत्या. आतून खडू घेऊन आल्या आणि ड्रमवर मोठ्या अक्षरांत तारीख घातली. खाली लिहिलं, "महिन्याआधी हात लावू नये."