आयलायनर झालं झकास, पण मलम कुठलं ते कोणी सांगेना

परमनंट आयलायनर (म्हणजे पापणीच्या कडेला सुईने रंग भरून गोंदवलेली रेष) करून दीड महिना झाला, लाइन छान बसलीये, पण त्या झेरॉक्सच्या कागदाचा राग काही जात नाही. करताना विशेष काही झालं नाही, सुन्न करायची क्रीम, दीडेक तास, संपलं. निघताना हातात अर्धं पान दिलं आणि त्यात पाच नंबरला "ऑइंटमेंट दिवसातून दोनदा लावणे". कुठलं? पत्ताच नाही.

संध्याकाळी पापण्या जड व्हायला लागल्या तशी कोथरूडला घराजवळच्या मेडिकलमध्ये गेले, तो म्हणे कुठलं देऊ, मी म्हटलं द्या एखादं अँटिसेप्टिक. घरी ट्यूबवरची मुंगीएवढी अक्षरं मोबाइलवर झूम करून वाचली तर काय, डोळ्यांत जाऊ देऊ नका! पापणीच्या कडेला लावायचं आणि डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, कसं जमवायचं बाई हे? स्टुडिओत फोन केला, एक मुलगी म्हणाली व्हॅसलीन लावा, परत केला तर दुसरी म्हणाली काहीच लावू नका मॅम, कोरडंच ठेवा, आणि जिने काम केलं ती सुट्टीवर. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, उत्तर "नॉर्मल आहे मॅम" आणि एक अंगठा. आई म्हणे साजूक तूप लाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडकासारखे डोळे. (सूज सकाळीच जास्त असते, दोन उशा घेऊन झोपायचं हे मला नंतर कळलं.) शेवटी सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, पाऊण तास बसवलं आणि दोन मिनिटांत विषय संपवला: लावायचं तर डोळ्यांसाठीचंच मलम, त्यांनी लिहून दिलेलं, दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढं, तेही स्वच्छ इअरबडने, बोटाने नाही. जाड थापलं तर खपली ओली राहते आणि रंगही उतरतो. पू आला, दुखणं वाढलं किंवा धूसर दिसलं तर थांबायचं नाही, लगेच यायचं. एवढं त्या कागदावर छापायला काय जात होतं?

पुढे चौथ्या-पाचव्या दिवशी बारीक काळे कण गळायला लागतात, खाज भयंकर. मी एकदा नखाने ओढलं आणि डाव्या कोपऱ्यात बरोब्बर तिथेच गॅप पडला, ती चूक माझी. बाकी रेष फिकी दिसली तरी घाबरू नका, तीन-चार आठवड्यांत रंग परत वर येतो. कांदा घरात दुसऱ्या कोणाला तरी चिरायला लावा. कर्वे रोडच्या धुळीत ॲक्टिव्हा नको म्हणून मी चार दिवस रिक्षा केली. केस पार्लरमध्ये धुतात तसे मान मागे टाकून धुतले. लेन्स बंद, चष्मा. मस्करा दहा दिवस नाही, आणि नंतरही नवीनच फोडायचा, जुन्यात जंतू असतात. पॅच टेस्ट (थोडासा रंग आधी त्वचेवर लावून ॲलर्जी येते का ते बघणं) आधी करून घ्या, हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. आणि हो, पुढेमागे एमआरआय करायची वेळ आली तर तिथे सांगा, या रंगांत लोहाचे अंश असू शकतात.

परवा टचअपला गेले, गॅप भरून दिला. निघताना परत तोच कागद. मी काउंटरवरचं पेन घेतलं, पाच नंबरमध्ये ऑइंटमेंटच्या आधी "डोळ्यांचं" असं ठळक लिहिलं आणि कागद तिथेच ठेवून आले.